पीठ नको, भरड हवी : माल्टच्या चक्कीविषयी वाचकांचे प्रश्न

स्कॉटलंडच्या व्हिस्की डिस्टिलरींमध्ये माल्ट कसं भरडतात, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. माल्ट म्हणजे बार्ली (आपले जव) भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवलेला दाणा. भरडलेलं माल्ट ज्या पात्रात गरम पाण्यात भिजवतात, त्या पात्राच्या नावातला ‘टन’ आणि वजनाचा ‘टन’ यांत घोटाळा होऊ नये म्हणून पात्राला सगळीकडे ‘मॅशटन’ असं जोडून लिहिलं आहे.

स्पेसाइडमधली एक डिस्टिलरी पाहिली. माहिती देणाऱ्या बाईंनी ‘२०-७०-१०’ हे प्रमाण सांगितलं. जितकं बारीक दळावं तितकी साखर जास्त सुटायला हवी. मग सगळ्याचं पीठच का करत नाहीत? — एक वाचक, ठाणे

तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. दाणा जितका बारीक, तितकं पाणी आतल्या स्टार्चपर्यंत लवकर पोचतं. पण साखर सुटून भागत नाही, ती पात्रातून बाहेरही काढावी लागते. सगळी अडचण तिथेच येते.

तुम्ही ऐकलेले आकडे वजनाच्या टक्केवारीत असतात : २० टक्के टरफल, ७० टक्के रवा आणि १० टक्के पीठ. या सगळ्या मिश्रणाला तिथे ‘ग्रिस्ट’ म्हणतात, आपण भरड म्हणू. भरडीवर साधारण चारपट गरम पाणी घेतात, म्हणजे एक टन भरडीला चार हजार लिटरच्या आसपास. दोन्ही मिसळल्यावर तापमान ६३-६४ अंश सेल्सिअसवर यावं अशा बेताने पाणी तापवलेलं असतं. याच तापमानाच्या सुमाराला बार्लीचा स्टार्च फुलतो आणि माल्टमधली विकरं त्याची साखर करतात. मॅशटनच्या तळाशी बारीक फटींच्या पत्र्यांचा दुसरा तळ असतो. गोड रस, म्हणजे वर्ट, त्यातून खाली निथळतो.

पण रस खरा गाळला जातो तो पत्र्यावर नव्हे, टरफलांच्या थरात. टरफलं एकमेकांवर आडवीतिडवी बसतात, त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि रस वाट काढत खाली उतरतो. टरफलाचा भुगा झाला तर या पोकळ्याच राहत नाहीत. पीठ जास्त झालं तर ते पाण्याबरोबर खाली सरकतं, पोकळ्या बुजवतं आणि पत्र्याच्या फटींवर खळीसारखं बसतं. निचरा आधी मंदावतो, मग थांबतो. वर पाणी साचलेलं आणि खाली थेंब नाही, अशी गत होते. अशा वेळी खालून पाणी सोडून थर उचलावा लागतो, दंताळी पुन्हा फिरवावी लागतात आणि कित्येक तास वाया जातात. पुढची किण्वनाची पात्रं रिकामी खोळंबतात, कारण डिस्टिलरीचं सगळं वेळापत्रक मॅशटनवर बांधलेलं असतं.

उलट टोकही महागात पडतं. भरड जाड राहिली तर रव्याच्या कणांच्या पोटातला स्टार्च तसाच राहतो आणि चोथ्याबरोबर गुरांच्या खाद्यात जातो. चांगल्या माल्टच्या एका टनापासून साधारण ४१० लिटर शुद्ध अल्कोहोल मिळतं. त्यात एक टक्का घट आली तर टनामागे चार लिटर गेले. दहा टनांचा मॅश (मॅशटनमध्ये एका वेळी भिजवलेली भरड) आणि आठवड्याला बारा मॅश असतील तर हा तोटा आठवड्याला ४९० लिटरच्या घरात जातो.

चवीचाही संबंध आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. बिअरचा वर्ट उकळतात, व्हिस्कीचा उकळत नाहीत. मॅशटनमधून जे निघालं ते थंड करून थेट किण्वनाला जातं. पीठ जास्त असलं की वर्ट गढूळ उतरतो, त्याबरोबर स्निग्ध पदार्थ जातात, यीस्टकडून फळांच्या वासाची एस्टर कमी तयार होतात आणि मद्याला धान्याची, कवचफळांची चव येते. नितळ वर्टातून फळांच्या, फुलांच्या अंगाचं मद्य मिळतं. काही डिस्टिलरींना गढूळ वर्टच हवा असतो, तो त्यांच्या घराण्याचा स्वाद असतो. पण तो ठरवून आणलेला असावा, चक्की बिघडल्यामुळे आलेला नसावा.

२०-७०-१० हा आकडा देवाने दिलेला नाही, हेही लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या, दंताळ्यांनी ढवळणाऱ्या खोल मॅशटनला तो चांगला मानवतो. नव्या लॉटर पद्धतीच्या पात्रात थर उथळ असतो आणि पाती तो हळुवार कापत फिरतात, त्यामुळे तिथे थोडी बारीक भरडही चालते.

आमची पिठाची गिरणी आहे. दगडी चक्की आणि पल्व्हरायझर, दोन्ही चालवतो. माल्टला रोलरच का लागतात? डिस्टिलरींमध्ये दिसणाऱ्या त्या जुन्या लाल यंत्राच्या आत नेमकं काय असतं? — एक गिरणीमालक, कोल्हापूर

तुमच्या चक्कीत दाणा दोन दगडांमध्ये घासला जातो, पल्व्हरायझरमध्ये तो हातोड्यांच्या माराने फुटतो. दोन्हीकडे टरफल आणि गर यांना एकच वागणूक मिळते. गव्हाच्या पिठाला ते चालतं, कारण कोंडा नंतर चाळून काढता येतो. माल्टमध्ये टरफल शाबूत हवं आणि गर फुटायला हवा. हे दाबाने साधतं, घासण्याने नाही. माल्टचा गर ठिसूळ असतो, टरफल चिवट. दोन रोलरांमध्ये दाणा दाबला की गर आतल्या आत फुटतो आणि टरफल शेंग उकलावी तसं उकलतं.

लाल यंत्र म्हणता ते बहुधा पोर्टियस कंपनीचं, चार रोलरचं. त्यातला क्रम असा. वर हॉपर, त्याच्या तोंडाशी एक बारीक फीड रोलर आणि झडप. दाणे रोलरच्या पूर्ण लांबीवर सारख्या जाडीच्या पडद्यासारखे पडावेत एवढंच फीड रोलरचं काम, पण ते बिघडलं तर पुढचं सगळं बिघडतं. मग वरची जोडी. दोन रोलरांमधली फट साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, इथे दाणा फक्त फुटतो. तिथून माल खालच्या जोडीवर पडतो. तिची फट एक मिलिमीटरहून कमी असते आणि मोठ्या कण्यांचा रवा तिथे होतो. प्रत्येक जोडीतला एक रोलर पक्का असतो, दुसरा सरकवता येतो आणि स्प्रिंगवर टेकलेला असतो, म्हणजे एखादा कठीण तुकडा आलाच तर रोलर क्षणभर मागे हटतो. रोलरांवर बारीक खाचा असतात. त्या दाण्याला धरून आत ओढतात. सगळं एकाच मोटरवरून, पुली आणि सपाट पट्ट्यांनी फिरतं. सहा रोलरच्या यंत्रांत मध्ये चाळण्या घालून टरफल आणि रवा वेगळ्या वाटेने पाठवतात.

चक्कीच्या आधीची रांगही तितकीच महत्त्वाची : माल्टचं कोठार, बादल्यांचा एलेव्हेटर, मोड आणि कचरा काढणारी चाळणी, खडे वेगळे करणारा डीस्टोनर, लोहचुंबक आणि वजनाचा काटा. वजन भरडण्याआधीच घेतात, कारण मॅशला किती माल गेला यावरच उताऱ्याचा सगळा हिशेब मांडला जातो. चक्कीखाली भरडीचं हॉपर असतं, त्यातून माल गरम पाण्याला भेटत मॅशटनमध्ये उतरतो.

तुमच्या पल्व्हरायझरच्या जातीची, म्हणजे हॅमर मिल वापरणारी, डिस्टिलरीही स्कॉटलंडमध्ये आहे. टीनिनिक इथे २००० सालापासून मॅशटनऐवजी मॅश फिल्टर आहे. त्यात कापडाच्या थरांतून दाबाने रस काढतात, टरफलांच्या थराची गरजच उरत नाही, त्यामुळे माल पिठासारखा दळला तरी चालतो. फाइफमधल्या इंचडेर्नीनेही हीच वाट धरली. म्हणजे चक्की कोणती घ्यायची हे चक्कीकडे पाहून ठरत नाही, पुढे गाळणार कशातून यावर ठरतं.

२०-७०-१० हे मोजतात कसं? आणि प्रमाण चुकलं तर काय फिरवायचं? — अन्न-तंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, नागपूर

मोजायला लागते ती एक लाकडी पेटी, तीन कप्प्यांची, एकावर एक. मध्ये दोन चाळण्या : वरची साधारण दोन मिलिमीटर छिद्रांची, खालची साधारण ०.२ मिलिमीटरची. वरच्या कप्प्यात टरफल राहतं, मधल्यात रवा, खाली पीठ.

नमुना चक्की पूर्ण भाराने चालू असतानाच घ्यायचा. सुरू होतानाचा आणि संपत आलेला माल फसवा असतो. चक्कीला नमुना घेण्याची पन्हळ असते, ती रोलरच्या डाव्या टोकाशी, मध्ये आणि उजव्या टोकाशी अशी तीन ठिकाणी घालून तीन वेगळे नमुने घ्या. एकत्र करण्याची घाई करू नका. प्रत्येकी बरोबर १०० ग्रॅम तोलून घेतलं की वजन हीच टक्केवारी होते. पेटी आडवी धरून दोन-तीन मिनिटं एका लयीत हलवायची. चाळण्या ब्रशने झाडायच्या आणि तिन्ही कप्पे वेगवेगळे तोलायचे. बेरीज ९९ ग्रॅमच्याही खाली आली तर कुठेतरी सांडलं आहे, पुन्हा करा.

आता आकडे वाचायचे. आधी टरफलाच्या कप्प्यात हात घाला. अख्खे दाणे सापडले तर वरच्या जोडीची फट जास्त आहे. खालची जोडी आवळून हा दोष झाकता येतो आणि पुष्कळजण तेच करतात. त्याने टक्केवारी जुळते खरी, पण न उकललेला दाणा खालच्या जोडीत चिरडला जाऊन टरफलासकट फाटतो. म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी वरची जोडी, मग खालची. वरची बरोबर लागली म्हणजे टरफलं लांब, रिकामी आणि एका बाजूने उकललेली दिसतात. नखाने खरवडलं तर आत पांढरं काही चिकटलेलं नसतं.

टरफल ठीक पण पीठ १५ टक्के? खालची फट किंचित सैल करा. टरफलही बारीक आणि पीठही जास्त, असं दिसलं तर वरची जोडी फार आवळली आहे किंवा माल्ट अतिकोरडं आहे. माल्टमधली आर्द्रता चार ते पाच टक्के अपेक्षित असते. तिन्ही नमुन्यांत डावा आणि उजवा वेगळा आला तर रोलर समांतर राहिलेले नाहीत. मधलाच जाड आला तर रोलर मध्यावर झिजले आहेत, कारण वर्षानुवर्षं फीड मध्येच जास्त पडत होता. ही झीज फट फिरवून जात नाही, रोलर काढून घासून नव्याने खाचा पाडाव्या लागतात. तीन नमुने वेगळे ठेवायचे ते एवढ्याचसाठी.

फट मोजताना चक्की बंद, वीज तोडलेली आणि स्विचला कुलूप हवं. फिलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) रोलरच्या दोन्ही टोकांना घालून मोजा. एका वेळी एकच बदल करायचा, नवा नमुना घ्यायचा, आणि मगच दुसरा बदल.

माल्टची नवी खेप आली, बार्लीचं वाण बदललं किंवा नव्या हंगामाचा माल सुरू झाला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कालची फट आजच्या दाण्याला लागू पडेलच असं नाही.

पोर्टियसची यंत्रं इतकी टिकाऊ होती की कंपनीच बंद पडली, असं ऐकलं. खरं आहे का? — एक वाचक, बंगळुरू

ही गोष्ट स्कॉटलंडमध्ये जवळजवळ प्रत्येक फेरीत सांगितली जाते. त्यातला आधाराचा भाग खरा आहे. लीड्सची पोर्टियस आणि बरी सेंट एडमंड्सची रॉबर्ट बॉबी या दोन्ही इंग्रज कंपन्यांची यंत्रं अनेक दशकं काम देत आहेत, आणि दोन्ही कंपन्या आज नाहीत. बॉबीचा कारखाना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला. आयला बेटावरच्या ब्रुकलॅडी डिस्टिलरीमध्ये बॉबीची पट्ट्यांवर चालणारी चक्की आणि ओतीव लोखंडाचं उघडं मॅशटन आजही कामात आहेत.

पण टिकाऊपणा हे एकच कारण धरू नका. गिऱ्हाईक मोजकंच होतं, ब्रुअरी आणि डिस्टिलरी. एकदा प्रत्येकाकडे चक्की बसली की नवी मागणी यायची ती कुणी नवा कारखाना काढला तरच. त्या काळात ब्रिटनमध्ये छोट्या ब्रुअरी मोठ्यांत विलीन होऊन बंद पडत होत्या, त्यांच्या जुन्या चक्क्या बाजारात येत होत्या. नव्या डिस्टिलरींनाही जुनी, दुरुस्त केलेली चक्की स्वस्तात मिळे आणि ती नव्यासारखी चाले.

आता या चक्क्यांची निगा राखणारे कारागीर मोजकेच आहेत. सुटे भाग मिळत नाहीत, ते घडवून घ्यावे लागतात. कामं ठरलेली : बेअरिंग बदलणं, पट्ट्यांचा ताण जुळवणं, रोलरांना पुन्हा खाचा पाडणं, फीडची झडप सरळ करणं. ओतीव लोखंडाचा सांगाडा जड आणि न थरथरणारा असल्यामुळे एकदा लावलेली फट हलत नाही. या यंत्रांचं खरं मोठेपण आम्हाला यातच दिसतं. दिसण्यातला देखणा लाल रंग हा वरचा.

चक्कीच्या खोलीत फोन बंद ठेवायला सांगितले, फोटोही काढू दिले नाहीत. इतकी काळजी कशासाठी? — एक वाचक, नाशिक

माल्टची हवेत तरंगणारी धूळ पेटते, आणि बंद जागेत पेटली तर स्फोट होतो. हवेत पुरेशी धूळ, ऑक्सिजन, बंदिस्त जागा आणि एक ठिणगी, एवढं पुरतं. फोन किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधून ती ठिणगी मिळू नये म्हणून ही बंदी.

जुन्या डिस्टिलरींमध्ये ठिणगीचं नेहमीचं कारण म्हणजे माल्टबरोबर आलेला खडा किंवा खिळा. तो फिरत्या रोलरमध्ये सापडला की ठिणगी पडते. म्हणून चक्कीआधी लोहचुंबक आणि डीस्टोनर, दोन्ही. चुंबक खडा धरत नाही आणि डीस्टोनर प्रत्येक लोखंडी कण पकडेलच असं नाही. चुंबकाला चिकटलेलं रोज काढलं नाही तर तेच पुन्हा सुटून आत जातं, हा दुर्लक्षाचा नेहमीचा प्रकार. याशिवाय घसरणारा पट्टा, तापलेलं बेअरिंग, एका बाजूला घासणारी एलेव्हेटरची बादली आणि जमिनीला न जोडलेल्या पत्र्यावर साठलेली स्थिर वीज, हेही ठिणगीचे उगम आहेत.

स्फोट झालाच तर तो बाहेर फुटावा म्हणून चक्की आणि एलेव्हेटरला बाहेरच्या बाजूने फाटणारे कमकुवत पत्रे ठेवतात. सगळ्यात धोक्याचा असतो दुसरा स्फोट. पहिला छोटा धक्का तुळयांवर, नळ्यांवर महिनोन्‌महिने साचलेली धूळ हवेत उडवतो आणि मग ती सगळी एकदम पेटते. त्यामुळे धूळ साफ करायची ती व्हॅक्यूमने. दाबाच्या हवेने उडवली तर आपणच तो धुळीचा ढग तयार करतो. खोलीत वेल्डिंग करायचं तर आधी चक्की रिकामी, खोली स्वच्छ आणि लेखी परवाना हातात. या गोष्टींत सवलत देणारा माणूस चक्कीवर नसावा.

गोव्यात आणि बंगळुरूतही सिंगल माल्ट होते. तिथल्या बार्लीला हेच प्रमाण चालतं का? पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत काम करतो, आमच्याकडे दोन रोलरची छोटी चक्की आहे. पावसाळ्यात वर्ट निथळायला फार वेळ लागतो, तेही सांगावं. — एक वाचक, पुणे

गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन आणि बंगळुरूला अमृत, दोघेही भारतीय बार्ली वापरतात, आणि ती मुख्यतः सहा ओळींच्या कणसाची. स्कॉटलंडमध्ये दोन ओळींची बार्ली चालते. दोन ओळींच्या कणसातले दाणे जवळपास सारख्या आकाराचे असतात. सहा ओळींत मधले दाणे भरलेले आणि बाजूचे बारीक, वळलेले असतात. एकच फट सगळ्यांना लागू पडत नाही : मोठ्या दाण्याला धरून ठेवली तर बारीक दाणे अख्खे निसटतात, बारीक दाण्याला धरून आवळली तर मोठ्यांची टरफलं फाटतात. चाळून आकारांप्रमाणे वेगळं भरडणं हा एक उपाय. सहा ओळींच्या दाण्यात टरफलाचं प्रमाण जास्त, प्रथिनं जास्त, स्टार्च कमी. म्हणून अल्कोहोलचा उतारा थोडा कमी पडतो, पण गाळणीचा थर मात्र चांगला बसतो. तेव्हा २०-७०-१० सुरुवातीला धरा आणि आपल्या माल्टवर मोजून जुळवा.

आता तुमची चक्की. दोन रोलरमध्ये फोडणं आणि दळणं एकाच फटीत होतं, त्यामुळे तडजोड करावीच लागते. १.१ ते १.२ मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि वर दिलेल्या पद्धतीने चाळून पाहा.

पावसाळ्यात बहुतेक वेळा दोष चक्कीचा नसतो, माल्टचा असतो. उघडं पोतं हवेतला ओलावा शोषतं. आर्द्रता सहा टक्क्यांच्या वर गेली की गर ठिसूळ राहत नाही, दाणा फुटण्याऐवजी चपटा होतो. मग कुणीतरी फट आवळतं आणि चपट्या दाण्यांबरोबर टरफलाचेही तुकडे होतात. इथे पाहण्याची खूण अशी : दाणा दातांखाली धरा, कडकन तुटला तर ठीक, दबला तर माल्ट सैलावलं आहे. पोतं उघडल्यावर उरलेलं माल्ट घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, पोती जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका, आणि लागेल तेवढंच भरडा. भरडलेला माल रात्रभर ठेवू नका, तो दाण्यापेक्षा कितीतरी लवकर ओलावा धरतो.

माल्ट कोरडं आणि कडक असूनही टरफल फाटत असेल तर भरडण्याआधी त्यावर वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी फवारा, म्हणजे १० किलोला १०० ते २०० मिलिलिटर. हाताने वरखाली करत सारखं लावा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात टरफल नरम होतं, गर कोरडाच राहतो. लगेच भरडा, जास्त थांबलात तर पाणी गरात जातं आणि रोलरवर लगदा बसतो. काम झाल्यावर रोलर कोरड्या ब्रशने झाडून ठेवा. पाण्याने धुऊ नका, खाचांमध्ये पीठ चिकटून वाळलं की ते काढायला तारेचा ब्रश लागतो आणि खाचा झिजतात.